मातीचे मोल

टपालाची तिकिटे जमविण्याचा छंद मला बालपणी लागला आणि तो अद्याप सुटलेला नाही. वडिलांच्या जुन्या पत्रव्यवहारातील पाकिटे पाण्यात भिजवावीत, त्यांवरील तिकिटे अलगद सोडवावीत आणि वर्तमानपत्राच्या कागदावर वाळत घालावीत, यात माझ्या कित्येक सुट्ट्या गेल्या. या संग्रहात माझ्या विशेष प्रेमाची होती ती १५ ऑगस्ट १९४९ रोजी निघालेल्या संचातील तिकिटे. स्वतंत्र भारताने आपल्या प्राचीन वास्तू आणि शिल्पे त्या सोळा तिकिटांवर मानाने बसविली होती. सांचीचे तोरण, भुवनेश्वर व खजुराहो येथील मंदिरे, कोणार्कचा घोडा, घारापुरीची त्रिमूर्ती, विजापूरचा गोलघुमट ही सारी मी प्रथम पाहिली ती बोटाच्या पेराएवढ्या कागदावर. सोळांचा पुरा संच मला कधीच जमला नाही. पण जी तिकिटे जमली, त्यांनी माझ्या मनात एक समजूत पक्की केली. काळाशी टक्कर देतो तो दगड. कीर्ती दगडाची. माती काय, आज आहे आणि उद्या नाही.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात ही समजूत दृढ होण्यास कारणेही पुष्कळ होती. येथील जमीन काळी, कपाशीची. तिच्याखाली काळाच पाषाण. आमची जुनी देवळे याच पाषाणाची. चुन्यावाचून दगडावर दगड बसवून रचलेल्या अशा देवळांना लोक हेमाडपंती म्हणतात. कळंबला चिंतामणीच्या दर्शनासाठी पायऱ्या उतरून जमिनीच्या पोटात जावे लागते. तेथील गारवा अंगाला लागला की शेकडो वर्षे आपल्याभोवती उभी आहेत असे वाटते. याच्या उलट गावातील मातीची घरे. एका पावसाळ्यात भिंत खचते, दुसऱ्यात घर बसते. मग मातीच्या टिकाऊपणावर कोणी विश्वास ठेवावा?

ही समजूत घेऊनच मी शिक्षक झालो आणि तीच माझ्या हातून एका मुलाला लागली. ती गोष्ट आज सांगावीशी वाटते.

१९८९ साल होते. आर्णीच्या बाजूच्या एका खेड्यात मी मराठी शिकवीत होतो. वय तिशीचे, एम. ए. होऊन फार दिवस झालेले नव्हते, आणि आपले बोलणे मुलांना आवडते याचा थोडा गर्वही होता. एके दिवशी आठवीच्या वर्गात वाक्प्रचारांचा तास चालू होता. मी फळ्यावर लिहिले: माती होणे, मातीस मिळणे, माती खाणे, मातीमोल होणे. एकेकाचा अर्थ सांगत शेवटच्यापाशी आलो आणि म्हणालो, “ज्याला काडीची किंमत नाही, ते मातीमोल.”

मागच्या ओळीतून एक मुलगा उठून उभा राहिला. त्याचे वडील गावातील कुंभार. अरुणावतीच्या पात्रातील गाळ गाढवावर लादून आणताना ते मला सकाळी दिसत. मुलगा वर्गात फारसा बोलत नसे. त्या दिवशी मात्र त्याने विचारले, “गुरुजी, मातीले मोल नाही, तं तुमी आमच्या घरून माठ इकत कायले नेला?”

प्रश्न सरळ होता. त्यात उद्धटपणाचा लेशही नव्हता. त्याचे उत्तर देण्याआधी मला क्षणभर थांबायला हवे होते. पण तरुण शिक्षकाला वर्गापुढे थांबणे म्हणजे हरणे वाटते. मी तत्काळ म्हणालो, “अरे, मोल मडक्याला असते, मातीला नसते. आणि मडके फुटले की त्याचीही मातीच!”

वर्ग खो खो हसला. मीही हसलो. तो मुलगा खाली बसला आणि वहीत काहीतरी लिहीत असल्यासारखी मान घालून राहिला. दुसऱ्या दिवसापासून मुले त्याला ‘मडके’ म्हणू लागली. ते माझ्या कानांवर येत होते; मी त्यांना अडविले नाही. वार्षिक परीक्षा झाली, उन्हाळ्याची सुट्टी संपली, शाळा भरली. तो मुलगा पुन्हा आला नाही. चौकशी करता कोणी सांगितले की तो वडिलांच्या हाताखाली चाकावर बसतो. खेड्यात अशी मुले दरसाल गळतात. मी हजेरीपटावरून त्याच्या नावावर रेघ ओढली. यथावकाश माझी बदली झाली, मी मुख्याध्यापक झालो, निवृत्तही झालो. ती रेघ मात्र कोठेतरी मनात राहिली होती, हे मला फार उशिरा कळले.

ते कळले २०२० साली. महामारीचे दिवस होते. घराबाहेर पडणे नव्हते, कोणाचे येणे-जाणे नव्हते. त्या वर्षी भारतीय टपाल खात्याने ‘भारतातील टेराकोटा मंदिरे’ या विषयावर सात तिकिटांचा संच काढला. टेराकोटा हा मूळचा इटालियन शब्द. त्याचा अर्थ भाजलेली माती. काही काळाने तो संच माझ्या हाती आला. खिडकीशी बसून मी भिंग घेतले आणि एकेक तिकीट न्याहाळू लागलो. पाहता पाहता माझ्या आयुष्यभराच्या समजुतीला तडे जाऊ लागले.

त्यांत बंगालमधील विष्णुपूरची मंदिरे होती. तेथील मल्ल राजांनी ती उभारली. श्यामराय मंदिर १६४३ मधील, जोडबांगला १६५५ मधील आणि मदनमोहन मंदिर १६९४ मधील. बंगाल हा नद्यांनी वाहून आणलेल्या गाळाचा प्रदेश. तेथे चांगला दगड दुर्मिळ. तेथील कारागिरांनी दगडासाठी कपाळाला हात लावला नाही; पायांखाली जे होते तेच उचलले. माती मळली, तिच्या चौकोनी पाट्या केल्या, त्या ओलसर असतानाच त्यांवर चित्रे कोरली, त्या वाळविल्या, भट्टीत भाजल्या आणि भिंतीवर ओळीने जडविल्या. रामायण-महाभारतातील प्रसंग, कृष्णाची रासलीला, शिकारी, नावा, वादक, फुले, वेली असे सारे जग त्या पाट्यांवर उतरले आहे. साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ बंगालचा मुसळधार पाऊस ते जग धूत आहे आणि ते पुसले गेलेले नाही.

जोडबांगला या नावाने तर माझ्यातील भाषाशिक्षक जागा झाला. बंगालमधील खेडुताची झोपडी म्हणजे ‘बांगला’. तिचे छप्पर बांबूचे आणि गवताचे, पाऊस निथळावा म्हणून दोन्ही कडांना खाली वाकलेले. अशा दोन झोपड्या एकमेकींना खेटून उभ्या केल्यासारखे हे मंदिर आहे. म्हणून ते जोडबांगला. छपराची ती वाकलेली रेषाही विटांत जशीच्या तशी उतरविली आहे. आपल्याकडे ज्याच्या पदरी पैसा असतो तो ‘बंगला’ बांधतो. हा शब्द मुळात त्या बंगाली झोपडीचाच! गरिबाच्या मातीच्या घराला राजांनी देवाचे घर केले आणि शब्दाने श्रीमंताचे घर केले. मी इतकी वर्षे मराठी शिकविली. पण ‘मातीमोल’ शब्दाच्या शेजारी हा शब्द ठेवून पाहण्याचे मला कधी सुचले नाही.

संचातील एक मंदिर आपल्या विदर्भाच्या शेजारचे, छत्तीसगडमधील महानदीकाठच्या सिरपूरचे आहे. राणी वासटा हिने आपला पती हर्षगुप्त याच्या स्मरणार्थ हे विष्णुमंदिर बांधविले. ही गोष्ट सातव्या शतकाच्या सुमाराची. आज लोक त्याला लक्ष्मणमंदिर म्हणतात. त्याचे द्वार दगडाचे, पण शिखर विटांचे, आणि त्या विटांवर लहान लहान गवाक्षांचे इतके सुबक कोरीव काम आहे की दुरून पाहणाऱ्याने ती वीट मानूच नये. पतीची आठवण चिरकाल राहावी असे ज्या राणीला वाटले, तिने विटांवर विश्वास टाकला. तेराशे वर्षांनीही तो विश्वास खरा ठरतो आहे.

मग मी जुना संग्रह काढला. १९४९ च्या संचातील बोधगयेच्या मंदिराचे साडेतीन आण्यांचे तिकीट माझ्यापाशी लहानपणापासून होते. ते उंच, भव्य मंदिरही विटांचेच बांधलेले! ज्या संग्रहाने मला दगडाची थोरवी शिकविली असे मी मानीत होतो, त्याच संग्रहात मातीची थोरवीही पहिल्यापासून होती. मीच ती वाचली नव्हती. भिंग बाजूला ठेवले, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे मंदिर नव्हते. मागच्या ओळीत मान खाली घालून बसलेला एक मुलगा होता.

या संचात महाराष्ट्रातील मंदिर नाही. म्हणून आपल्याकडे अशी मंदिरे झालीच नाहीत की काय, अशी शंका मला आली, आणि पुस्तके चाळता चाळता तेरचे नाव पुढे आले. महामारी ओसरल्यावर, २०२१ च्या डिसेंबरात, मी पंढरपूरला निघालो होतो. वाटेत मुद्दाम धाराशिव जिल्ह्यातील तेरला उतरलो.

तेर म्हणजे प्राचीन तगर. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक प्रवाशाने लिहिलेल्या सागरी व्यापाराच्या वर्णनात या नगराचा उल्लेख आहे. आज तेरणा नदीच्या काठचे ते एक साधे गाव आहे. तेथील त्रिविक्रमाचे मंदिर विटांचे आहे. मागची बाजू अर्धगोल आणि छप्पर गजपृष्ठाकार, म्हणजे हत्तीच्या पाठीसारखे. महाराष्ट्रात आज उभ्या असलेल्या अत्यंत जुन्या मंदिरांत त्याची गणना होते. गावातील उत्तरेश्वराचे मंदिरही जुन्या विटांचे. तेथील रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाच्या शासकीय वस्तुसंग्रहालयात भाजक्या मातीच्या लहान लहान मूर्ती आहेत. कोणाचा केशसंभार, कोणाच्या कानांतील कुंडले, कोणाच्या ओठांवरील हसू, सारे अजून टवटवीत आहे. तेरच्या जुन्या विटांची आणखी एक ख्याती अशी की त्या पाण्यावर तरंगतात. मातीत कोंडा मिसळून वीट भाजली की कोंडा जळून जातो, त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात आणि वीट हलकी होते. दगडाला हे कसे साधावे? ज्याला आपण क्षुद्र म्हणतो, त्याच्या अंगी असे गुण असतात. ते हुडकून काढणारा हात मात्र भेटावा लागतो.

तेर आणखी एका कारणाने आपल्याला परिचित आहे. संत गोरोबाकाका येथलेच. नदीकाठी त्यांची समाधी आहे. तेथे बसलो असता त्यांची सर्वपरिचित कथा आठवली. एकदा संतमंडळी जमली होती. मुक्ताबाईने कोपऱ्यातील थापटणे पाहिले आणि हे कशासाठी, असे विचारले. याने मडके कच्चे की पक्के ते कळते, असे गोरोबांनी सांगितले. मग ही मडकीही पाहा, असे मुक्ताबाई म्हणाली. गोरोबांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारले. सर्व जण शांत राहिले. नामदेव मात्र रागावले. तेव्हा गोरोबा म्हणाले, एवढे मडके कच्चे आहे.

ही कथा मी वर्गात किती वेळा रंगवून सांगितली असेल! सांगताना मी स्वतःला नेहमी पक्क्या मडक्यांतच धरीत असे. त्या दिवशी समाधीपाशी मला उमगले की थापटणे माझ्याही डोक्यावर पडले होते. तेरा वर्षांच्या एका कुंभाराच्या पोराने ते अगदी हळू मारले होते, आणि आवाज कच्चा आला होता. नामदेवांचे मोठेपण असे की ते विसोबा खेचरांकडे गेले आणि पक्के होऊन आले. मी मात्र बत्तीस वर्षे कोठेच गेलो नव्हतो.

पंढरपूरला विठ्ठलाचे दर्शन घेताना माझी दृष्टी आधी त्याच्या पायांकडे गेली. पुंडलिकाने भिरकावलेल्या विटेवर देव उभा आहे, हे लहानपणापासून ऐकत आलो; ती वीट मातीची, हे त्या दिवशी प्रथम मनात आले.

परत आल्यावर मी त्या खेड्यात गेलो. संक्रांत चार दिवसांवर आली होती. कुंभारवाड्यातील ते घर ओळखू आले. अंगणात सुगडांच्या रांगा वाळत होत्या आणि आव्यातून धूर निघत होता. पंचेचाळिशीचा एक माणूस चाकावरून उठला, हात पुसले आणि पाया पडला. “गुरुजी, तुमी? इतक्या वर्सांनी!”

मी पिशवीतून तिकिटे आणि भिंग काढले. त्याने चिखलाचे हात धुतले, पुन्हा धुतले, आणि श्यामराय मंदिराचे तिकीट भिंगाखाली धरले. पुष्कळ वेळ तो काही बोलला नाही. मला वाटले, देवाचे चित्र पाहत आहे. तो पाहत होता माती.

“हे घाईनं वाळवलं नाही, गुरुजी,” तो म्हणाला. “सावलीत वाळवलं. उन्हात टाकलं असतं तं वरून सुकलं असतं अन् आतून ओलं राहिलं असतं. मंग तडकलंच असतं. अन् जाडी पाहा, सगळीकडं सारखी. मातीले घाई चालत नाही.”

मी अनेक पुस्तकांतून मिळविलेल्या माहितीत हे एक वाक्य नव्हते. ते मंदिर कोणी बांधविले हे मला ठाऊक होते. ते कसे टिकले हे त्याने सांगितले.

मग मी ज्यासाठी गेलो होतो ते बोललो. आठवीतला तो तास त्याला आठवतो का, असे विचारले. तो हसला. “आठवते नं. पोरं मडकं म्हनत होते.”

“त्यामुळे शाळा सोडलीस का?”

त्याने उत्तर देण्यास जरा वेळ घेतला. “बापाचे गुडघे गेले होते, गुरुजी. चाकावर कोन बसनार?” एवढेच तो म्हणाला. ते संपूर्ण उत्तर होते, की म्हाताऱ्या शिक्षकाचे मन राखण्यासाठी दिलेले अर्धे उत्तर, हे मला सांगता येत नाही. मी त्याला पुन्हा विचारले नाही. मी म्हणालो, “त्या दिवशी तुझा प्रश्न बरोबर होता आणि माझे उत्तर चूक होते. हे सांगायलाच आलो.”

तो काही बोलला नाही. आव्याजवळच्या ढिगातून त्याने एक माठ उचलला, बोटाच्या पेराने त्यावर टिचकी मारली, कान देऊन ऐकले आणि परत ठेवला. दुसरा उचलला. त्याचा आवाज खणखणीत आला. तो माठ त्याने माझ्यापुढे ठेवला. “हा न्या. उन्हाळाभर पानी थंड राहीन.”

मी खिशातून पैसे काढले. तो दोन पावले मागे सरला. “तुमच्याकडून कायचे पैसे, गुरुजी!”

“घे,” मी म्हणालो. “मातीला मोल असते.”

त्याने माझ्याकडे पाहिले, पैसे घेतले, मोजले आणि खिशात ठेवले.